बाराच्या आत फक्त ऐकायचं

हौशी रेडिओचा, म्हणजे आम्ही ज्याला हॅम म्हणतो त्याचा परवाना भारतात वयाची १२ वर्षं पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये खालची मर्यादाच नाही. परीक्षा पास झालं की दुसरी-तिसरीतल्या पोरालाही स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं अधिकृत नाव, मिळतो. ही गोष्ट आमच्या विंचूरच्या पोरांना कळल्यापासून माझ्या दुकानात पंचायत बसते. पाचवीतला एकजण तर सरळ म्हणाला, "काका, मग आपल्याकडची पोरं काय येडी आहेत का?"

दुकान लासलगाव रस्त्याला, मोटर रिवाइंडिंगचं. पुढच्या बाजूला जळालेले पंप, स्टार्टर, वार्निशचा वास. मागच्या खोलीत रेडिओ. पत्र्यावर जीआयचा पाइप उभा केलाय आणि त्याच्या टोकापासून दोन्हीकडे उतरणारी, मिळून २० मीटरच्या आसपास तार, ७ मेगाहर्ट्झसाठीचा डायपोल. ही तार म्हणजे सबमर्सिबल मोटारीची वाइंडिंग वायर, प्लास्टिकचं वेष्टण असलेली. उन्हापावसाला दाद देत नाही. पोरं पहिल्यांदा येतात ती मोटार टाकायला आलेल्या बापाबरोबर. मागून आवाज आला की हळूच पडदा सारतात.

"हे कोण बोलू राह्यलंय?"

केरळातला कुणी असतो, कधी श्रीलंकेतला. पुढचा प्रश्न ठरलेला: टॉवर कुठंय त्याचा? टॉवर नाही. इथून निघालेली लहर वर दोन-तीनशे किलोमीटरवरच्या आयनांबराला लागून परत खाली येते, मध्ये कंपनी नाही, रिचार्ज नाही. यावर दहातली आठ पोरं "व्हॉट्सॲपवर बोलता येतंच की" म्हणून निघून जातात. त्यांचं बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर येतंच, आणि जास्त स्वच्छ येतं. माझ्याकडे संध्याकाळी सातला शेजारच्या मळ्यातलं झटका मशीन सुरू झालं की प्रत्येक शब्दामागे सेकंदाला एक टिक्, वर एलईडी दिव्यांची कुरकुर. उरलेली दोन पोरं मात्र त्या टिक्-टिकीतून आवाज वेचत बसतात. आपली ती.

पोरांना ओढायचं कसं, यावर आमच्या मंडळींचं एक ठरलेलं भाषण आहे. त्यात आधी भूजचा भूकंप येतो, मग त्सुनामी. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले आणि अंदमानची खबर बाहेर पोचवायला त्यांच्या चमूचा रेडिओ कामी आला. खरी गोष्ट आहे, अभिमानाची आहे, मीही सांगतो. पण भूकंपाची वाट बघत कोणतं पोर छंद लावून घेईल? म्हणून शाळेत बोलावलं की मी त्सुनामी शेवटी ठेवतो आणि आधी पिशवीतून सुताराची स्टीलची टेप काढतो.

टेपचे तुकडे करायचे. सगळ्यात लांब तुकडा साधारण मीटरभराचा, बाकीचे त्याहून आखूड. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा दांडा, टी-जॉइंट, होज क्लिपा. एवढ्यात १४५ मेगाहर्ट्झचा तीन काड्यांचा यागी अँटेना होतो, आणि स्टीलची पट्टी लवचीक असल्यामुळे झुडपात घुसलं तरी मोडत नाही. अवघड भाग एकच. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने नीट खरवडल्याशिवाय कथील धरत नाही. मोठी माणसं इथे घाई करतात, कथिलाचा मणी होतो आणि घरंगळून जातो. तो पाचवीतला पोरगा पट्टी चंदेरी दिसेपर्यंत घासतो, फ्लक्स लावतो, सोल्डरिंग गनचं टोक पट्टीवर ठेवून थांबतो आणि कथील आपोआप पसरू देतो. त्याचे सांधे माझ्यापेक्षा चांगले असतात. त्याला कॉलसाइन मिळायला अजून वेळ आहे.

अँटेना झाला की कोल्ह्याची शिकार. जगभर हा खेळ याच नावाने चालतो. माझ्या कॉलसाइनवर चालणारा छोटा ट्रान्समीटर डब्यात घालून लपवायचा आणि पोरांनी तो शोधायचा. पोरांच्या हातातल्या सेटचं बोलायचं बटण मी आतून तोडून ठेवलंय, नुसतं ऐकू येतं. मागच्या खेपेला डबा एका कांदाचाळीत कांद्याच्या थराखाली होता आणि वाटेत द्राक्षबाग. बागेत शिरलेली सगळी पोरं गोंधळली. मांडवाचे लोखंडी अँगल आणि ओळीओळीने ताणलेल्या तारा लहर अशा परतवतात की कोल्हा चारी दिशांना आहे असं वाटतं. काही पोरं त्याच तारांच्या रांगेने पळत पार दुसऱ्या टोकाला गेली. नववीतली एक मुलगी मात्र बागेत शिरलीच नाही. बांधावर उभी राहून तिने एक दिशा घेतली, मग रस्त्यावर बरीच लांब चालत जाऊन दुसरी, आणि वहीच्या मागच्या पानावर दोन रेघा ओढल्या. चाळीजवळ पोचल्यावर सिग्नल इतका जोरात आला की अँटेनाचा उपयोग संपला. तेव्हा तिने तो काढून टाकला, सेट छातीशी धरला आणि जागच्या जागी गिरकी घेतली. आवाज जिथे सर्वांत बारीक झाला, त्याच्या उलट बाजूला, तिच्या पाठीमागे, डबा होता. अंगाने लहर अडते हे मी आधी सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेळेवर आठवायला डोकं लागतं.

आता वयाचं. नाशिकला माझे एक ज्येष्ठ मित्र आहेत, या छंदातले माझे गुरूच म्हणा. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचं मत ठाम आहे: १२ सुद्धा कमीच. "ट्रान्समीटर म्हणजे खेळणं नाही रे. सरकारने तुला हवेतला एक तुकडा वापरायला दिलाय. त्यावर कोण काय बोललं याचा जाब द्यावा लागतो. बारा वर्षांचं पोर कसला जाब देणार?"

अण्णांच्या बोलण्यामागे इतिहास आहे. १९३९ ला युद्ध सुरू झालं तसे इंग्रज सरकारने हौशी लोकांचे ट्रान्समीटर जमा करायचे हुकूम काढले. आणि सरकारला ज्याची भीती होती तेच १९४२ ला मुंबईत झालं. काँग्रेस रेडिओ सुरू झाला. त्याच्या उभारणीत नरिमन प्रिंटर होते, ते युद्धाआधीचे परवानाधारक हौशी. आणि त्या रेडिओमागच्या उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या. तेव्हापासून दिल्लीत कुणाचंही राज्य असो, ट्रान्समीटर म्हटला की सरकारी भुवई वर जातेच. १९७८ च्या हौशी सेवा नियमांमध्ये ती भुवई ओळीओळीत दिसते. परवाना एका माणसाच्या नावाचा, जागा ठरलेली, नोंदवही ठेवायची. पूर्वी परीक्षा पास झाल्यावर परवान्याचा कागद हाती पडेपर्यंत कॉलेजातला पोरगा नोकरीला लागलेला असायचा. माझंही तसंच झालं.

पण अण्णांशी माझं जमत नाही ते दुसऱ्याच मुद्द्यावर. १२ हा आकडा मोठा की लहान यावर आम्ही भांडतो, आणि तो आकडा तर नुसता कागदावर आहे. १२ वर्षं म्हणजे सातवी. परीक्षेत रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन विषय. तंत्राची सुरुवातच ओहमच्या नियमाने होते, आणि आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकात ओहमचा नियम येतो नववीला. म्हणजे सातवीतल्या पोराने शाळेच्या दोन वर्षं पुढे पळायचं, तेही इंग्रजीतून, कारण माझ्या कपाटात अभ्यासाचं जे काही आहे ते सगळं इंग्रजीत. बरं, नववीपर्यंत थांबावं तर नववीच्या दिवाळीत दहावीचे क्लास सुरू होतात आणि घरचे रेडिओचं नाव काढू देत नाहीत. शिवाय परीक्षेला मुंबईला जायचं. लासलगावला पहाटेची गाडी धरायची, बापाने त्या दिवसाचा बाजार सोडायचा. कांदा काढणीच्या दिवसांत असला तर बाप सांगतो, पुढच्या वर्षी बघू. कायद्याने दार बाराव्या वर्षी उघडतं, पण विंचूरच्या पोराला त्यातून आत जायला पंधरा-सोळावं उजाडतं. मधल्या काळात त्याच्या हातात फोन आलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की स्वतंत्र परवान्याला १२ राहू द्या, माझी तक्रार नाही. त्याखालच्या पोराला परवानाधारकाच्या शेजारी बसून बोलू द्या. जाब देईल तो परवानाधारक. जगात हे नवं नाही. स्काउटांचा हवेतला मेळावा १९५८ पासून भरतोय, दर ऑक्टोबरात लाखो पोरं एखाद्या हॅमच्या शेजारी बसून बोलतात. आपल्याकडेही जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर असताना शिलाँगला शाळकरी मुलं त्यांच्याशी हॅम रेडिओवरून बोलली. मोठ्या संस्थेत, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली चालतं ते माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत रोजचं म्हणून का चालू नये? आमच्याकडे बारा वर्षांचं पोर थ्री-फेजचा स्टार्टर दाबतं, ट्रॅक्टर वळवतं. ते बरोबर आहे असं नाही, पण त्याच्या हाती माईक गेला तर फार तर ते लाजून गप्प बसेल.

आणि पोरं बोलायला लागली तरी ऐकणार काय? आमच्या संध्याकाळच्या गप्पा एकदा त्यांच्या कानांनी ऐकल्या. नाव, गाव, सिग्नल फाइव्ह-नाइन, मग हवामान, मग गुडघे, मग बीपीची गोळी सकाळची की रात्रीची. माझाही त्यात वाटा आहे, गोळीसकट. त्या नववीतल्या मुलीने विचारलं, "काका, हे लोक रोज एकमेकांना तेच का विचारतात?" अण्णांना हे सांगितलं तर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. हवेतून तरी नाही.

तिच्यासारखी पोरं कुठवर जातात हे आमच्या मंडळींना माहीत नाही असं नाही. हॅमसॅट हा हौशींचा उपग्रह इस्रोने ५ मे २००५ ला सोडला, त्यातला एक ट्रान्सपाँडर नेदरलँड्सच्या एका विद्यार्थ्याने बनवलेला होता. पुण्याच्या सीओईपीच्या पोरांनी जेमतेम किलोभर वजनाचा 'स्वयम्' बनवला, तो २२ जून २०१६ ला वर गेला आणि त्याचं कामच हौशींचे निरोप साठवून पुढे देणं. ते इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, हे कबूल. पण त्यांच्यातल्या कुणीतरी कधीतरी पाचवीत असताना काहीतरी खरवडलं असणारच.

माझ्याकडे विंचूरपुरता उपाय आहे तो स्वस्तातला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स नावाचा सेट सगळ्यांसाठी खुला केला. मूळ आराखड्यात कॉइल गुंडाळायला नळाचे नायलॉनचे वॉशर वापरलेत, परदेशी रिंगा मागवायची गरज नाही. वॉशर हार्डवेअरच्या दुकानात, तार माझ्याकडे भंगारात. वाइंडिंग शिकायला माझ्याकडे येणाऱ्या पोरांना वेढे मोजायची सवय असतेच. नुसतं ऐकायचं तर अंतराळ स्थानक आहे. कधी कधी त्यावरून १४५.८०० वर चित्रं येतात. साध्या सेटवर किरकिर ऐकू येते, फोन त्याच्यापुढे धरला की ॲपमध्ये ओळीओळीने चित्र उमटतं, एका चित्राला दोनेक मिनिटं. स्थानक दहाएक मिनिटांत डोक्यावरून निघून जातं, त्यामुळे पत्र्यावर अँटेना धरून फिरवणाऱ्याचं आणि खाली फोन धरणाऱ्याचं दर वेळी भांडण होतं.

मोर्सबद्दल एकच सांगतो. मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स जनरल श्रेणीला लागतो, रिस्ट्रिक्टेडला लागत नाही, आणि सगळे म्हणतात पोरं मोर्सला घाबरतात. घाबरतात ते बाप. तारसेवा जुलै २०१३ ला बंद झाली, तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती किंवा पाळण्यात होती. त्यांच्यासाठी मोर्स ही जुनी गोष्ट नाहीच, गुप्त भाषा आहे. पाचवीतला बाकावर पेन्सिलीने स्वतःचं नाव वाजवतो आणि त्याच्या बाईंना कळत नाही.

ती नववीतली मुलगी आता दहावीला आहे. परीक्षा तिने क्लास सुरू व्हायच्या आधी उरकली. बापाने एक बाजार सोडला. गेल्या महिन्यात तिचा व्हीयू थ्रीने सुरू होणारा कॉलसाइन आला आणि पत्र्यावरच्या त्याच डायपोलवरून तिने तमिळनाडूतल्या एका आजोबांशी पहिला संपर्क केला. त्यांनी टपालाने क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची पोच, पाठवलं, त्यावर तिचा कॉलसाइन, तारीख, वेळ, सिग्नल. पाचवीतला ते कार्ड बघून फुगला. डायपोलचा मधला सांधा त्याने नव्याने जोडला होता, मग कार्डावर त्याचं नाव का नाही? ती म्हणाली, तुझं वय नाही. तो म्हणाला, सांध्याला वय असतं का? मी मध्ये पडलो नाही. दोन दिवसांनी ती उत्तरादाखल आपलं कार्ड छापायचा मजकूर घेऊन आली, लासलगावच्या प्रेसमध्ये द्यायला. कार्डावर 'रिग', म्हणजे सेट, आणि 'अँटेना' असे रकाने असतात. रिगपुढे तिने बिटएक्स लिहिलं होतं. अँटेनापुढे 'डायपोल', आणि त्याच ओळीत त्या पोराचं पूर्ण नाव, आडनावासकट.