दौंडचं वळण

शिरूरला रेल्वे नाही. घोडनदी आहे, पुणे-नगर रस्ता आहे, एसटी स्टँड आहे. रूळ पाहायचे तर दौंड गाठायचं. नकाशावर पट्टी ठेवली तर ते पंचेचाळीसेक किलोमीटर भरतं. लहानपणी हा आकडा आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. ‘न्याहारी करून निघालं की जेवायला मावशीकडे,’ एवढंच आई सांगायची.

मावशीचे यजमान रेल्वेत होते, आणि नागपूरच्या काकांकडे जायची आमची वाट तिच्या घरावरूनच जाई. पुण्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेस यायची, दौंडला इंजिन सुटायचं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं. मग गाडी 1878 साली सुरू झालेल्या मनमाडच्या मार्गाने नगरकडे निघायची. पुण्यापासून पुढे तोंड करून आलेली माणसं तिथून पाठमोरी होत. पुणेकर उतारू घड्याळ बघून वैतागायचे. आमचा मात्र त्या खोळंब्यात सामान चढवून, जागा धरून, मावशीने दिलेला डबा खिडकीतून घेऊनही वेळ उरायचा.

आता मुलगी नागपूरला नोकरी करते आणि तिकीट विमानाचं काढते. पुणे ते नागपूर रेल्वेने 881 किलोमीटर. हवेतून सरळ मोजलं तर जेमतेम सहाशे. विमानाला मनमाडचा वळसा नाही, इंजिन फिरवायचं नाही. तिकिटावर सव्वा-दीड तास लिहिलेला असतो. त्यातही सगळा वेळ उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला लागतात आणि ते तिकडे जाऊन उभं राहिलं की थांबतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यातच आलं. पूर्वेकडे जाताना वाऱ्याची साथ मिळाली तर चार मिनिटं वाचतात, परतताना तोच वारा ती वसूल करतो.

शिरूर ते लोहगाव विमानतळ ही वाट मात्र या हिशेबात कुठेच नाही. रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा मागे टाकत वाघोलीत अडकलं की नागपूरच्या अर्ध्या वाटेचा वेळ तिथंच जातो. वर विमानतळावर दोन तास आधी हजर राहायचं. मुलगी फोनवर विचारते, ‘बाबा, निघालात का?’ तेव्हा विमानाला चार-पाच तास अवकाश असतो.

दौंडचं वळणही आता सरळ झालंय. गावाबाहेरून कॉर्ड लाईन टाकली. नागपूरकडच्या कितीतरी गाड्या दौंड स्टेशनात न शिरता परस्पर नगरकडे वळतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली पुणे-नागपूर वंदे भारतही त्याच वाटेने बारा तासांत पोहोचते. पुणेकरांचा खोळंबा वाचला, हे चांगलंच झालं. पण दौंडच्या फलाटावर उभ्या असलेल्याला आता त्यातली गाडी धरायला गावाबाहेरच्या कॉर्ड लाईनच्या स्टेशनावर जावं लागतं. त्याची वाट लांबली ती त्यामुळेच.

उद्या पुरंदरला विमानतळ झाला तर हेच पुन्हा होईल. नागपूर जागचं हलणार नाही, विमानाला मिनिटंही तेवढीच लागतील. पण दौंडकराला विमान जवळ येईल आणि आम्हा शिरूरकरांना लांब जाईल. प्रवास किती जलद झाला, हे सांगणारा कुठल्या गावचा आहे ते म्हणूनच मी आधी विचारून घेतो.