मुक्कामी गाडी

चंद्रपूरहून सकाळी एसटीने निघावं, भामरागडच्या पलीकडच्या एखाद्या गावातलं काम उरकावं आणि रात्री घरी येऊन जेवावं, हे काही होत नाही. माझ्या फिरतीच्या नोकरीतली सगळ्यांत मोठी अडचण हीच होती. आणि त्या नोकरीने मला जे दिलं, ते बहुतेक सगळं या अडचणीपायीच मिळालं.

काम म्हणाल तर साधं. महिलांच्या बचत गटांचे हिशेब तपासायचे, वह्या लिहायला शिकवायचं, बँकेच्या कर्जाचे कागद पुरे करून घ्यायचे. हद्द मात्र मोठी. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, तोवर हा सगळा मुलूख एकच जिल्हा होता. एकट्या गडचिरोलीत आज १२ तालुके आहेत, क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, त्यात पाऊण हिश्शाहून अधिक जंगल. इतकी वर्षं रेल्वेचं स्टेशन म्हणजे उत्तरेच्या टोकाला वडसा. बाकी सगळी भिस्त लाल गाडीवर आणि काळीपिवळीवर.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत एसटी थांबली आणि माझी फिरतीही थांबली. पुढे गाड्या सुरू झाल्या, फिरती झाली नाही. वहीच्या पानाचा फोटो मागवता येतो, सभा मोबाइलवर घेता येते आणि प्रवासभत्ता वाचतो, हे वरच्या लोकांना तोवर कळून चुकलं होतं. आता मी घरातल्या मधल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून दोन जिल्हे सांभाळते.

फिरतीचे हाल मी विसरलेले नाही. कंबर धरायची. बाईमाणसाला वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री कुठेच नाही. नक्षल सप्ताहात आतल्या गाड्या बंद, कधी रस्त्यावर झाड आडवं टाकलेलं, की गाडी आली तशी परत. मूलच्या रस्त्याला संध्याकाळी वाघाची धास्ती असायचीच. अलीकडे आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आणि त्यांची धूळ. हे सगळं खरं आहे, आणि तरीही मला तो रस्ता परत हवा आहे.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली हा माझा नेहमीचा मार्ग. आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो. तिथून थोडं खाली, चपराळ्याजवळ, वर्धा तिला येऊन मिळते आणि पुढे दोघींची प्राणहिता होते. पुलावर गाडी आली की डुलक्या काढणारी माणसंही खिडकीकडे मान वळवायची. पाणी किती आहे हे बघायचं असे. ते पाणी बघून शेताचा, मासोळीचा, परतीच्या गाडीचा अंदाज बांधला जाई, आणि तो अंदाज मोठ्याने बोलून दाखवला जाई. मी त्या बोलण्यातून पाऊसमान शिकले.

कुठवर आलो ते डोळे मिटूनही कळायचं. चंद्रपूरच्या स्टँडवर कोळसाखाणीतल्या आणि वीजकेंद्रातल्या कामगारांची हिंदी. गोंडपिपरीच्या आसपास झाडीबोलीत तेलुगू मिसळायला लागे. आष्टीला बंगाली बाया टोपल्या घेऊन चढत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची गावं चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत वसवली गेली, त्या घरांतल्या या लेकीसुना. आलापल्लीला गोंडी कानावर पडे. तिथून भामरागडची गाडी धरली की पेरमिली, ताडगाव ओलांडेपर्यंत गाडीत माडिया सुरू झालेली असे आणि मी गप्प होई, कारण आता न कळणारी मी एकटीच उरलेली असे. ही एकटीच न कळणारी असण्याची जागा माझ्या कामाला फार गरजेची होती. ऑनलाइन सभेत सगळ्या जणी माझ्या भाषेत बोलतात. ज्यांना ती येत नाही त्या बोलतच नाहीत. पडद्यावर त्यांच्या नावाचा काळा चौकोन असतो आणि हजेरीपटावर त्यांची हजेरी लागते.

सकाळच्या गाडीला अपडाऊनवाल्यांची एक मंडळी असायची. शिक्षिका, नर्सबाई, ग्रामसेवक, पोस्टातला एक जण. जागा ठरलेल्या, डबे ठरलेले. कोणाच्या शाळेत पटसंख्या का घटली, कुठल्या उपकेंद्रात सापाच्या विषावरची लस संपली, कुठल्या गावात धानाचा रोवणा अडला आहे, हे सगळं आष्टी येईपर्यंत मला ठाऊक झालेलं असे. एकदा नर्सबाईंनी सहज सांगितलं की अमक्या गावात घरोघरी ताप आहे. मी त्या दिवशी तिथली वसुलीची सभा घेतलीच नाही. आज तशी सभा मी घेते, कारण मला सांगणारं कोणी नाही. बायका तापात उठून मोबाइल धरून बसत असतील तर ते मला दिसतही नाही.

आणि ते तास माझे होते. हे लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली. खिडकीशी बसलेल्या बाईला कोणी चहा मागत नाही, सिलिंडर आला म्हणून हाक मारत नाही, ‘घरीच तर आहेस’ म्हणत नाही. घरून काम करणं बायकांना सोयीचं, असं जो तो म्हणतो. मी म्हणते, ते घराला सोयीचं. मूलच्या जंगलातून, सागाच्या रांगांतून जाताना मी काहीही करत नसे. नुसती बसलेली असे, आणि मला तसं बसलेलं पाहून कोणाला खटकत नसे. हिवाळ्यात वडशाच्या बाजूला जाणं झालं तर गाडीत रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघून परतणाऱ्या बाया भेटत, डोळे लाल, बोलणं अजून त्या नाटकाचंच. त्यांच्यासोबत बसून मीही न पाहिलेल्या नाटकावर तावातावाने बोलले आहे. मधल्या खोलीत मला असा एक तास काढता येत नाही.

पण मोठी गोष्ट मुक्कामाची. आतल्या गावांना संध्याकाळची शेवटची गाडी मुक्कामी असते. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत निघते. चालक-वाहक समाजमंदिरात किंवा गाडीतच आडवे होतात, कोणाच्या तरी घरून भात आणि वरण येतं. त्या गाडीने गेलं की मलाही राहावंच लागे, अंगणवाडीच्या बाईंकडे नाहीतर गटाच्या अध्यक्षबाईंकडे. सभा तासाभरात आटपायची. लोखंडी पेटी उघडायची, किल्ली दुसऱ्या घरून यायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक, वही, पावत्या. बेरीज जुळली की माझं कार्यालयीन काम संपलं. गाडी मात्र पहाटेशिवाय नाही. मग रात्र उरायची.

असंच एकदा एप्रिलच्या सुरुवातीला, पेरमिलीच्या पुढे, मोहाच्या दिवसांत. पहाटे अंधारातच बाया निघाल्या, मीही गेले. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला, म्हणजे पडलेलं फूल नीट दिसावं. बॅटरीच्या उजेडात जमिनीवर फुलंच फुलं, पिवळट, ओलसर, बोटात धरली की किंचित दबणारी, आणि त्यांचा तो गोड, थोडा आंबूस वास नाकात बसतो तो दिवसभर जात नाही. वेचताना माणूस वाकलेला असतो. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या शेजारी वेचणाऱ्या बाईचं खातं आदल्या संध्याकाळी मी तपासलं होतं, एकही हप्ता थकलेला नाही म्हणून सभेत तिचं नाव घेतलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. ती टोपलीकडेच बघत म्हणाली, ‘म्याडम, पावसाच्या महिन्यात तो पैसा मी दुकानदाराकडून उचलतो. गटात नाव खराब नको म्हणून.’ दुकानदाराचं व्याज गटाच्या कितीतरी पट. आमच्या वहीत तिचं खातं स्वच्छ होतं, कारण मळ सगळा दुसऱ्याच्या वहीत जात होता.

पुढच्या सभेत गटाने हप्ता बदलला. पावसाळ्यात कमी, आणि तेंदूचा पैसा हातात आला की जास्त. इकडच्या कुटुंबाचं वर्ष असंच चालतं. मे महिन्यात ७० पानांचा एकेक पुडा बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचा, त्याची मजुरी आणि पुढे बोनस. रोवण्याच्या दिवसांत रोजी असते, मग धान कापेपर्यंत हात रिकामे. दर महिन्याला सारखा हप्ता हा ज्यांना दर महिन्याला सारखा पगार मिळतो त्यांनी ठरवलेला असतो, माझ्यासारख्यांनी. ही गोष्ट मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितली नव्हती. गाडी पहाटेपर्यंत नव्हती म्हणून कळली.

आता अंतर मिटलं, असं म्हणतात. माझ्यापुरतं मिटलं. ताडगावच्या आतल्या एका गावात मोबाइल लागत नाही. तिथल्या सचिवबाई सभेच्या दिवशी गावामागच्या टेकडीवर चढतात, सोबत वही, पासबुक आणि कडेवर पोर. ‘म्याडम, लवकर सांगा, खाली उतरलो का रेंज जाते.’ मी लवकर सांगते. जो प्रवास मी भत्ता घेऊन, खिडकीशी बसून करत होते, तो आता ती पायी करते, आणि तिच्या त्या चढणीचा खर्च कुठल्याच बिलात लागत नाही. घरून काम ही माझी सवलत आहे आणि तिची किंमत टेकडीवर चढणारी बाई चुकवते आहे, हे मला दर सभेला कळतं आणि दर सभेला मी ‘पुढचा विषय’ म्हणते.

२०२० च्या त्या मार्च-एप्रिलमध्येही असंच होतं. मला घरी बसून काम करा असा निरोप आला, त्याच दिवसांत आमच्या गटांतल्या कितीतरी बाया तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या होत्या. दरवर्षी जातात. गाड्या बंद झाल्यावर त्या जंगलवाटांनी, नदीकाठाने पायी निघाल्या. मी फोनवर त्यांची नावं लिहून घेत होते, कोण कुठवर आली, कोणाच्या पायाला फोड आले, कोणाला गावाबाहेर शाळेत ठेवलं. माझ्या टेबलावर पंखा चालू होता.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा मला आलापल्लीच्या स्टँडवर पदराची गाठ सोडून नाणी मोजणाऱ्या बाया आठवल्या. आता त्या तालुक्याला जास्त वेळा येत असतील, कोर्टात, दवाखान्यात, माहेरी. मग १ जानेवारी २०२५ ला एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याकडे पहिल्यांदा एसटी गेली. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. ते दृश्य मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलं. डोळे भरून आले आणि रागही आला. जिथे कधी गाडी गेली नव्हती तिथे आता गाडी पोचते आहे, आणि नेमक्या याच वेळी आम्ही, ज्यांनी त्या गाडीत बसून तिथे जायला हवं, ते फोटो मागवत घरी बसलो आहोत. रस्ता फक्त तिकडच्यांनी इकडे येण्यासाठी नसतो. इकडच्यांनीही तिकडे जायला हवं, आणि एखादी रात्र राहायला हवं.

मागच्या महिन्यात मी कार्यालयाला पत्र लिहिलं, की महिन्यातून एकदा तरी फिरती सुरू करा, निदान आतल्या गटांसाठी. या वर्षी प्रवासासाठी तरतूद नाही, असं उत्तर आलं. मग रजा टाकून स्वतःच्या खर्चाने जायचं ठरवलं आहे. मेमध्ये जाऊन उपयोग नाही. तेंदूच्या दिवसांत पहाटेपासून गाव जंगलात आणि दुपारनंतर फळीवर, कोण बोलणार? आणि पर्लकोटा नदी एकदा चढली की भामरागड तुटतं. म्हणून जूनचा पहिला आठवडा धरला आहे, तेंदूनंतर आणि पुराआधी. हप्ता बदलणाऱ्या त्याच गटाची वही परवा फोटोत पाहिली. दोघी जणींचे हप्ते गेल्या पावसाळ्यातही पूर्ण भरलेले आहेत, कमी करायची मुभा असताना, एक रुपयाही मागेपुढे नाही. मला आधी त्या दोघींच्या घरी जायचं आहे.