उरलेले दोन भुंगे

भुंग्यांचा एक थवा. निम्म्या थव्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं. सगळ्या थव्याचा आठ नवमांश भागही तिकडेच. राहिला तो एक, सुवासाला भुलून रात्री मिटल्या कमळात अडकलेला, आणि त्याच्या गुणगुणण्याला बाहेरून साद देणारी भुंगी. तर थवा किती?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं, म्हणजे साधारण इ.स. ११५०चं हे गणित. समीकरणाला या विरहाचं सोयरसुतक नाही. त्याला दोघं मिळून फक्त २ दिसतात. मला यात निष्ठुरपणा वाटत नाही. काय गाळायचं हे उमगलं की निम्मी मांडणी झाली. उरलेली निम्मी म्हणजे ‘क्ष’ कशाला मानायचं. अख्ख्या थव्याला मानलं, तर वर्गमूळ मानगुटीवर बसतं. थवा २क्ष² धरावा, मग निम्म्याचं मूळ नुसतं क्ष. भास्कराचार्यांनीही ‘बीजगणिता’त असंच धरलंय. पुढे २क्ष² − ९क्ष − १८ = ०, क्ष ६, भुंगे ७२. ती आकडेमोड कुणीही करेल.

त्यांच्याकडे क्ष नव्हता. पहिली अज्ञात राशी यावत्तावत्, पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक: काळी, निळी, पिवळी, तांबडी. (आमच्या वहीत आले ते क्ष आणि य. रंग आले असते तर!)

शाब्दिक उदाहरणात पोरं अडतात ती फार साध्या जागी. ‘सीताकडे गीतापेक्षा ५ बोरं जास्त’ वाचलं की हात आपसूक सीताच्या बाजूला ५ मिळवतो. वाक्य ज्या क्रमाने कानावर पडतं, त्या क्रमाने समीकरण लिहिलं की फसलंच.

‘बीजगणिता’त दोन माणसं आहेत. एकाकडे ६ घोडे आणि ३०० नाणी, दुसऱ्याकडे १० घोडे आणि डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. दोघांची मत्ता सारखी. ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, घोडा १०० नाण्यांना. कर्ज इथे बिनतक्रार उणे होतं. माकडांच्या गणितात मात्र आचार्य अडून बसतात. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत शिरली, एक फांदीवर दिसतंय. उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. आचार्य ५ नाकारतात: एका माकडातून तीन वजा कशी करणार? उणे संख्या लोकांना पटत नाही, म्हणतात. चाळीसगावजवळच्या पाटण्यात त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता. तिथल्या एखाद्या पोराने यावर नक्की हुज्जत घातली असणार. निदान मी तरी घातली असती.

कारण वयांची गणितं बघा. वडील ४२ वर्षांचे, मुलगा १६चा. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट होईल? ४२ + क्ष = ३(१६ + क्ष). क्ष येतो −३. हुशार मुलंही इथे खोडरबर शोधतात. पण तीन वर्षांपूर्वी वडील ३९चे होते, मुलगा १३चा. चुकलं असेल तर ‘किती वर्षांनी’ असं विचारणाऱ्याचं.