कौलावरचं 1865

पुंडलिकनगरहून समुद्र गाठायचा तर तीनशेहून जास्त किलोमीटर. आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस बघून पाहुण्यांना बोलवायचे, त्यामुळे 'स्कुबा' म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "पैसे देऊन बुडायला चाललास?" प्रश्न तसा बिनतोड होता :)

तर गेल्या डिसेंबरात हापिसातले आम्ही चौघं गोव्याला गेलो आणि ग्रँड आयलंडजवळचं बुडालेलं जहाज बघून आलो. डायव्हर लोक त्या जागेला 'सुझीज रेक' म्हणतात. बोटीवरच पहिला धडा मिळाला: अंगठा दाखवायचा नाही. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. दुसरा धडा: श्वास कधीच रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे रोखलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुसाला इजा करते.

डोक्यात चित्र सिनेमातलं होतं. डोलकाठ्या, कॅप्टनची केबिन वगैरे. खाली मात्र गढूळ हिरवा उजेड, वाकलेले लोखंडी पत्रे आणि त्यांच्यावर ठाण मांडून बसलेले शिंपले. जहाज कुठे संपतं आणि खडक कुठे सुरू होतो तेच कळेना.

परत आल्यावर वाचत बसलो, तेव्हा उलगडा झाला. स्वीडनचं 'वासा' हे लाकडी जहाज 1628 मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि 1961 मध्ये जवळजवळ अख्खं वर काढलं. कारण बाल्टिकचं पाणी थंड आणि कमी खारट. लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे टिकत नाही. आपल्याकडे पाणी उबदार, खारट, त्यात दर पावसाळ्यात घुसळण. आपला समुद्र जहाज खातो आणि माल तेवढा ठेवतो.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी याच किनाऱ्यावर असा माल शोधलाय. मुरगावजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात! पाणघोडा म्हणजे आफ्रिका. जहाज उरलं नाही, पण त्याच्या व्यापाराचा पत्ता उरला.

मला जास्त आवडलं ते सेंट जॉर्ज रीफवरचं जहाज. त्यात होती कौलं, फरश्या, मातीचे पाइप. कोकणातल्या घरांवर असतात तीच मंगलोरी कौलं. त्यांवर शिक्का: बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. म्हणजे जहाज 1865 चं? नाही! ते कारखाना सुरू झाल्याचं साल. तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं कौलांवर उमटत राहिला. आपल्या जुन्या कोडच्या डोक्यावर 'कॉपीराइट 1998' असतं आणि फाइल मात्र गेल्या महिन्यात बदललेली असते, तसंच. शिक्का एवढंच सांगतो की जहाज 1865 च्या आधी बुडालेलं नाही. बाकीचं उत्तर कुठली वस्तू कुठे, कशाशेजारी पडली आहे, यातून काढावं लागतं.

म्हणूनच बोटीवरचा एक प्रसंग डोक्यातून जात नाही. वर आल्यावर आमच्याबरोबरच्या एका पर्यटकाने स्लीव्हमधून पितळी बोल्ट काढला. बोटभर. आठवण म्हणून! इन्स्ट्रक्टर चिडला नाही. त्याने फक्त विचारलं, "कुठून उचललास ते दाखवशील?"

"तिकडेच कुठेतरी होता ना..."

"मग आता हा नुसता बोल्ट झाला."

पर्यटक ओशाळला आणि त्याने बोल्ट पाण्यात टाकला. म्हणजे परत टाकला खरा, पण जागेवर ठेवला नाही. ते आता कुणालाच जमणार नाही.

कोडमधली ओळ चुकून उडाली तर आपण जुनी आवृत्ती काढतो. समुद्राच्या तळाचा बॅकअप नसतो. आधीच किड्यांनी आणि लाटांनी नव्वद ओळी पुसल्यात. उरलेल्या दहांतली एक आपण खिशात घालायची का?

असो. जाणार असाल तर पावसाळा टाळून जा. हात छातीशी बांधून पोहा, हवाही कमी लागते. आणि आठवण हवीच असेल तर फोटो काढा.