पक्का रंग

माझ्या गावाच्या नावातच रंगारी आहे. कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी. रंगाचे हौद मी तिथे कधी पाहिले नाहीत. माझं लहानपण कापूस, मका आणि अद्रकीच्या वावरांत गेलं. पण रंगाचा पहिला धडा तिथलाच. आई नवं लुगडं मिठाच्या पाण्यात भिजवायची आणि पाण्याकडे बघत बसायची. पाणी नितळ राहिलं की म्हणायची, "पक्कं हाय."

पुढे तीस वर्षं मी औषधांच्या रेणूंत फ्लोरिन बसवत राहिले, तेव्हा मीही पाण्याकडेच बघत होते म्हणायचं.

औषध पोटात गेलं की यकृत त्याला धुवायला काढतं. रेणूतला एखादा सैल हायड्रोजन हेरायचा, तिथे ऑक्सिजन अडकवायचा, रेणू पाण्यात विरघळेलसा करायचा आणि बाहेर घालवायचा. गोळीचा गुण तासाभरात ओसरतो तो अनेकदा यामुळे. नेमक्या त्या जागी फ्लोरिन बसवला तर मात्र यकृताची डाळ शिजत नाही. कार्बनचा त्याच्याशी जुळणारा एकेरी बंध सगळ्यांत चिवट. शिवाय फ्लोरिन अंगाने हायड्रोजनपेक्षा थोडाच मोठा, त्यामुळे रेणूचा तोंडवळा फारसा बदलत नाही. 1957 साली हायडेलबर्गर या शास्त्रज्ञाने याच साधर्म्याचा फायदा घेऊन कर्करोगावरचं फ्लोरोयुरॅसिल बनवलं. पेशीतलं विकर त्याला सोयरा समजून घरात घेतं, आणि ऐन वेळी जो हायड्रोजन काढायचा तिथे फ्लोरिन ठाण मांडून बसलेला. काम तिथेच अडतं.

रंगाऱ्यांचं आणि औषधांचं नातं मी जोडलेलं नाही. बायर, हेक्स्ट या कंपन्या आधी रंगच बनवायच्या, आणि 1935 मध्ये जगापुढे आलेलं प्रोन्टोसिल हे जंतुनाशक मुळात लाल रंग होतं. हे वाचलं त्या दिवशी गावाच्या पाटीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

फ्लोरिन स्वभावाने मात्र तापटच. मुआसाँ या रसायनशास्त्रज्ञाने 1886 मध्ये तो वेगळा काढला, त्याआधी या नादात काहींचे जीव गेले होते. त्याचं आम्ल काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बाटलीत. आणि ते अंगावर सांडलंच तर लावायला आमच्या ॲप्रनच्या खिशात कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब. या सगळ्या धाकाचा मोबदला रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्राच्या कागदावर मिळायचा. हायड्रोजनच्या आलेखात रेघांचं जंगल असतं. फ्लोरिनचा आलेख म्हणजे कोरं माळरान आणि त्यात उभी एकच रेघ. ती दिसली की मी चहाला जायची.

माझा एकही रेणू औषधाच्या दुकानापर्यंत पोचला नाही. विद्यापीठातल्या बहुतेकांचं असंच होतं, त्याचं मला फार वाटत नाही. पण वोखार्ट या औषध कंपनीच्या चिकलठाण्यातल्या संशोधनातून आलेल्या लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाला 2020 च्या जानेवारीत मंजुरी मिळाली, तेव्हा मी त्याची रचना कागदावर काढून बघितली. जपानमध्ये मलमात वापरल्या जाणाऱ्या एका औषधाची आरशातल्यासारखी दोन रूपं; त्यांतलं एक वेगळं काढलेलं, आणि त्यात एक फ्लोरिन. इतर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर, मधुमेहात चिघळलेल्या पायावर ते देतात. चप्पल लागून झालेली जखम, मग हळद, मग पाय काढणं, हे मी गावात पाहिलेलं आहे.

आता दुसरी बाजू. यकृताला जो बंध तुटत नाही तो मातीलाही सहज तुटत नाही. एका फ्लोरिनची गोळी आणि न चिकटणाऱ्या तव्यांसाठी वापरलेली, फ्लोरिनने गच्च भरलेली रसायनं एक नव्हेत, हे मी वर्गात ठासून सांगते. पण बंध तोच, हेही सांगावं लागतं.

आईला कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन चालू आहे. पाकिटं ती पानाच्या डब्यात ठेवते. मागच्या दिवाळीत मी तिला म्हटलं, "आई, हिच्यात एक फ्लोरिन आहे. मी आयुष्यभर केलं ते हेच."

तिने गोळी हातावर उलटीपालटी केली. "पक्का का?"

"पक्का."

"आन् तुमच्यातलं धुतल्याचं पाणी कुठं टाकता?"

मी प्रयोगशाळेतल्या सांडपाण्याच्या कॅनचं सांगितलं; भरले की झाकण लावून गाडीतून पाठवतो.

"कुठं?" तिने विचारलं, आणि गोळी तोंडात टाकून तांब्या उचलला.