विकाऊ घराचे दार

घर विकायला काढले की पहिला खर्च दारावर होतो. येणारा माणूस माजघरात पोहोचण्याआधीच त्याचे निम्मे मत झालेले असते, असे जाणते सांगतात; आणि ते खोटे नाही. म्हणूनच की काय, बसवकल्याण तालुक्यातल्या मुडबीचे आमचे घर विकायचे ठरले तेव्हा सगळ्यांच्या सूचना उंबऱ्यापाशीच येऊन थांबल्या.

दादांचे म्हणणे सरळ होते. दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करावा, ओट्यावर चकचकीत फरशी बसवावी, सागवानी चौकट काढून लोखंडी दार लावावे. जुने लाकूड घेणारे शहरातले व्यापारी चौकटीचे वेगळे पैसे मोजायला तयार होते. शिवाय चौकटीवर भिंतीत एक तिरपी भेग होती. गिलाव्याखाली तीही झाकली गेली असती.

आमच्या भागात भिंतीची भेग ही साधी गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, याच बांधणीखाली झोपलेली माणसे गाडली गेली. तेव्हापासून जुने घर पाहायला आलेला माणूस आधी भिंती न्याहाळतो, मग भाव विचारतो.

गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीवरून हात फिरवला. म्हणाला, "मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. आत ओल कोंडते, मग गिलावा पोपडे धरून सुटतो. चुन्यानं करा. आणि भेग बुजवायच्या आधी पाणी कुठून येतंय ते बघा." माळवदाची पन्हळ फुटली होती, पाणी भिंतीत मुरत होते. पन्हळ बदलली, भेगेत दगडाच्या चिपा ठोकून चुना भरला.

पण भेग होती हे सांगायचे की नाही? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम म्हणते, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. त्याच कायद्याच्या ८ व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. वेगळे काही ठरले नसेल तर घराबरोबर त्याची कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्याही घेणाऱ्याकडे जातात. कायद्याच्या कोरड्या भाषेत ही यादी वाचताना आमच्या दाराचा अडसर डोळ्यांपुढे आला.

या चौकटीने निजामाचे हैदराबाद पाहिले, १९५६ साली म्हैसूर राज्य पाहिले, १९७३ साली त्याचे कर्नाटक झालेले पाहिले. उंबरा जागचा हलला नाही. आई त्याला उंबरा म्हणे, शेजारच्या बायका होस्तिलु म्हणत; हळदकुंकू मात्र दोन्ही नावांना एकच. कोणाला 'या' म्हणायचे आणि कोणाला 'बर्री', हे आम्ही भावंडे शाळेत नाही, त्या ओट्यावर शिकलो.

शेवटी ओट्याच्या शहाबादी फरश्या उचलून, खालची माती चोपून, त्याच पुन्हा बसवल्या. चौकटीवरचे रंगाचे थर खरवडून तिला जवसाचे तेल पाजले. भिंतीला चुन्याची सफेदी दिली. एवढ्यानेच दार उजळले.

घर गावातल्याच कन्नड बोलणाऱ्या कुटुंबाने घेतले. भेग कुठे होती ते दादांनी स्वतः बोट ठेवून दाखवले. भाव थोडा उतरला. त्यांच्या घरातल्या वृद्ध अव्वा मात्र भेगेकडे न बघता चौकटीवरून हात फिरवत होत्या.

"ही काढून नेणार नाही ना तुम्ही?" त्यांनी विचारले.

"नाही अव्वा, दारासकट घर दिलंय," दादा म्हणाले.

येणाऱ्याला भुलवण्यासाठी सजवलेले दार आणि त्याला आत घेण्यासाठी सजवलेले दार, दोन्हींना खर्च जवळपास सारखाच येतो. यंदा त्या उंबऱ्यावर पणती अव्वांची लागेल.