इन्सुलिन घेऊन विमानतळावरून जाताना

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचे दुसरे टर्मिनल 2014 मध्ये खुले झाले. तेथील भव्य स्तंभ आणि भिंतींवरील कलाकृती पाहून मन प्रसन्न होते. मात्र परदेशी मुलांकडे निघालेल्या मधुमेही ज्येष्ठांना ही वास्तू जाणवते ती लांबच लांब चालीतून आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेतून. म्हणून व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी आणि पायात सवयीची पादत्राणेच असावीत.

सामान भरताना एक नियम कटाक्षाने पाळावा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही ठेवू नये. ती बॅग हरवू शकते. शिवाय सामानकक्षात इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो. एकदा गोठलेले इन्सुलिन, वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी, निरुपयोगीच समजावे. लागेल त्याच्या दुप्पट साठा, सुया, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र हातातील पिशवीत असू द्यावे. पत्रावरील नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. थंड पिशवीत बर्फाचा इन्सुलिनला थेट स्पर्श होऊ देऊ नये.

आंतरराष्ट्रीय प्रवासात द्रवपदार्थांना 100 मिलिलिटरची मर्यादा असते. आवश्यक औषधांना त्यातून सूट मिळते. तरीही पिशवी यंत्रात जाण्यापूर्वीच जवानाला सांगावे, ‘मला मधुमेह आहे, यात इन्सुलिन आणि सुया आहेत.’ यात संकोच कसला? अंगावर पंप किंवा सेन्सर असल्यास तेही सांगावे. अशी बरीच उपकरणे क्ष-किरण यंत्रातून नेऊ नयेत, अशी उत्पादकांची सूचना असते. हाताने तपासणी करण्याची विनंती करावी.

खरी काळजी रांगेतील विलंबाची. ‘विमानात जेवण मिळेलच’ या भरवशावर आधीच इन्सुलिन घेऊ नये. जेवणाचे ताट समोर आल्यावरच घ्यावे. घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर रांगेतच 15 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चहाचे चमचे, घ्यावी आणि 15 मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. रसाची बाटली अडवली जाऊ शकते, म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या जवळ बाळगाव्यात. तपासणीच्या वेळी खिसे रिकामे करावे लागतात. त्या गोळ्या ट्रेमधून परत घेण्याची आठवण सोबत्याने ठेवावी.

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे आखूड होतो. त्यानुसार मात्रेच्या वेळा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. तो कागद पासपोर्टशेजारी असला, की नातवंडांच्या भेटीचा आनंद निश्चिंतपणे घेता येईल.